कुलाबा ते दिमोना: आजीची जन्मतारीख शोधताना

माझी आजी ११ फेब्रुवारी २०२४ ला इस्रायलमध्ये, दिमोनाला, गेली. तिच्या कबरीच्या दगडावर नाव, आईचं नाव, जन्म आणि मृत्यू एवढंच कोरायचं होतं. त्यातली मृत्यूची तारीख तेवढी ठाऊक होती. बाकीचं गोळा करायला जवळजवळ वर्ष लागलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोकणातून तिकडे गेलेली आमच्यातली ती पिढी आता संपत आली आहे आणि त्यांच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तेव्हा ही वेळ अनेक घरांवर येणार. म्हणून कुठे गेले, कुठे ताटकळले, किती पैसे लागले ते क्रमानं लिहून ठेवते. बेने इस्राएल नसलेल्यांनाही कोतवाल बुकाचा, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा, भाग कामाला येईल. घरच्या माणसांची आणि गावाची नावं देत नाही, आत्याची तशी इच्छा आहे.

आजी जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातली. वडिलांची थोडी नारळी-पोफळीची वाडी आणि एक घाणा, तोही तिच्या लहानपणीच बंद पडलेला. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले, सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले, मग तेल गाळायला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली झाले, हे तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की गलबत फुटताना ती तिथे उभी होती असं वाटावं. १९५१ ला लग्न होऊन ठाण्याला आली. आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते.

आजोबांचा भाऊ १९६१ मध्येच देश सोडून इस्रायलला गेला होता. त्याची पत्रं यायची त्यात घरदार, नोकरी बरी असल्याचं असायचं, पण तिथले मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बेने इस्राएलांच्या लग्नांना आडकाठी करतात, पिढ्यान् पिढ्यांचे पुरावे मागतात, हेही असायचं. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. तरी आजोबा थांबले. आजी मात्र म्हणायची, ‘शेमा माझ्या आईनं शिकवला, त्याला कोणाच्या सहीची गरज नाही.’ शेमा म्हणजे आमची मुख्य प्रार्थना. शेवटी जून १९७३ मध्ये ते निघाले. पप्पा वीस वर्षांचे, ठाण्यात कंपनीत लागलेले, ते मागे राहिले. काका दुसरीत होता, आत्या पाच वर्षांची. चार महिन्यांत योम किप्पूरचं युद्ध. आजीचा त्यावरचा शेरा इतकाच, की उपासाच्या दिवशी भोंगे वाजवायला नको होते.

दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटातलं १९५५ मध्ये वसवलेलं गाव. तिथे आमची माणसं इतकी की किराणा दुकानात पोहे, कोकम, वाल मिळतात. आजी कापडगिरणीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. शुक्रवारी दुपारी घरी आली की शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचं, जेवण, मग काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. मेणबत्त्या तिनं कधी लावल्या नाहीत. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातला, कारण मांस आणि जनावराचं दूध एका जेवणात चालत नाही. कोणाची परीक्षा असो, ऑपरेशन असो, एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, बोलायचा आणि तो फेडायचाच. बायकांच्या मंडळात ती मराठी कीर्तनं गायची, अब्राहामाची, योसेफाची. भारताशी इस्रायलचे पूर्ण संबंध १९९२ ला सुरू झाले, त्यानंतर ती एकदाच येऊन गेली. आल्या आल्या माहेरच्या गावी आईवडिलांच्या कबरी बघून आली.

आता मुद्द्याचं. ११ फेब्रुवारीला रविवार होता. सकाळी ती गेली आणि संध्याकाळी दफन झालंसुद्धा. आमच्यात थांबत नाहीत, आणि तेव्हा गाझाच्या युद्धामुळे विमानांचा भरवसा नव्हता, त्यामुळे पप्पांनी फोनवरच पाहिलं. दफनाचा खर्च तिकडे राष्ट्रीय विमा संस्था करते, रहिवाशाला त्याच्या गावच्या दफनभूमीत जागा मोफत. मृत्यूचा दाखला गृहमंत्रालयाच्या कार्यालयातून. घरच्यांच्या खिशातून जातो तो दगडाचा खर्च. पप्पा इथे ठाण्यात सात दिवस जमिनीवर बसले, सदऱ्याला गळ्याशी फाडलेली चीर तशीच. शेजारच्या जोशीकाकू पहिल्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि आरशावर चादर का घातली ते न विचारता बसून राहिल्या.

दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणणाऱ्यानं आत्याला आजीच्या आईचं नाव विचारलं. तिथल्या बहुतेक दगडांवर ‘अमुक, तमुक बाईची मुलगी’ असंच असतं. आत्यानं जे सुचलं ते सांगितलं. रात्री पप्पांना फोन आला, ‘दादा, आईच्या आईचं नाव काय रे?’ पप्पांनी वेगळंच नाव सांगितलं. काकाला तिसरं आठवत होतं.

जन्माचाही घोळ होता. आजीच्या इस्रायली ओळखपत्रावर तारीख होती ००/००/१९३६. हे काही नवल नाही, बाहेरून आलेल्या ज्या लोकांना तारीख सांगता आली नाही त्यांच्या कार्डावर दिवस-महिन्याच्या जागी अशीच शून्यं असतात. पण आजी म्हणायची की ती बिरड्याच्या सणाची. बिरड्याचा सण म्हणजे तिशा बआव, हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याची नवमी, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास, जो आमच्यात वालाच्या बिरड्यानं सोडतात. आणखी एक गोष्ट ती हमखास जोडायची: ‘त्या वर्षी शब्बाथ आला म्हणून उपास एक दिवस पुढे गेला होता, आणि आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा बिरडं चुलीवर होतं.’ आम्ही हे हसून ऐकायचो. पुढे तेच वाक्य कामाला आलं.

तिकडे दगड करणारा कागदपत्र मागत नाही, घरचे देतील ते कोरतो. कागद लागले ते काका आणि आत्याचं एकमत व्हावं म्हणून. काका म्हणाला, सरकारी कार्डावर आहे तेच लिहू. आत्या म्हणाली, शून्य-शून्य कोरू का? ठरलं, की वर्षाच्या दिवशी दगड बसवायचा आणि तोवर मी इथे शोध घ्यायचा.

सुरुवात मार्च २०२४ मध्ये तालुक्याच्या कचेरीतून केली. स्वातंत्र्याआधीच्या जन्म-मृत्यूच्या गावपातळीवरच्या नोंदी कोतवाल बुकात असतात, म्हणजे गाव नमुना नंबर १४. ती बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, ज्याला सगळे रेकॉर्ड रूम म्हणतात. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज करायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आधारची प्रत, गाव, बापाचं नाव आणि साल. एकच साल लिहू नका. मी ‘१९३३ ते १९३८’ असं लिहिलं, त्यामुळे पुन्हा अर्ज करावा लागला नाही. कारणाच्या जागी ‘कौटुंबिक नोंदीकरिता’ लिहिलं तर क्लार्कनं वर पाहिलं. ‘मॅडम, कुणबी दाखला नको?’ नको म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. २०२३ च्या शेवटापासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत राज्यभर ही जुनी दप्तरं उघडली, तपासली, स्कॅन केली गेली. त्याचा मला फायदाच झाला, कारण बस्ते वर्षवार लावलेले होते. एरवी ते कोणत्या कपाटात असते देव जाणे.

पण अर्ज दिला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. तिकडे रायगडात मतदान ७ मे ला. तोवर कचेरीतलं अर्धं माणूस निवडणुकीच्या कामाला. मे महिन्यात जाऊन नुसती पोच दाखवून आले. अर्जाची पोच, शिक्क्यासकट, घ्याच आणि फोटो काढून ठेवा, माझ्या अर्जाचा मूळ कागद पुढे मिळेना तेव्हा तोच फोटो चालला.

तोवर शाळेचं बघावं म्हटलं. तेव्हाची लोकल बोर्डाची शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. शाळा १५ जूननंतर उघडली. मुख्याध्यापिका बाई फार चांगल्या. जुनं जनरल रजिस्टर कपाटाच्या वरच्या फळीवर, कापडात बांधलेलं. आजी चौथीपर्यंत शिकली होती हे माहीत असल्यानं १९४० च्या आसपासची पानं काढली आणि ती सापडली! नाव वेगळं, पण बापाचं नाव आणि आडनाव बरोबर. जन्मतारीख: १ जून १९३४. मी आणि बाई एकमेकींकडे बघून हसलो. महाराष्ट्रात अर्ध्या जुन्या पिढीचा जन्म गुरुजींनी एक जूनला लावून दिलेला आहे. पण सालाचा अंदाज गुरुजींचा सहसा फार चुकत नाही. रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा त्याच दिवशी मिळाला, पैसे लागले नाहीत.

जुलैमध्ये पुन्हा कचेरी. आणि जुलैमध्ये लाडकी बहीण. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सेतूपासून जिन्यापर्यंत बायकांची रांग, कडेवर पोरं, बाहेर पाऊस. रेकॉर्ड रूमचा माणूस दाखल्यांच्या टेबलावर बसवलेला. त्यानं हात जोडले. मी परत फिरले. चिडचिड झाली, नाही असं नाही, पण त्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाला मी ‘माझ्या आजीची जन्मतारीख अर्जंट आहे’ असं सांगणार होते?

ऑगस्टमध्ये त्याचाच फोन आला. सगळी पानं मोडी लिपीत. १९३४ चं बुक उंदरांनी कडेला खाल्लेलं, मधला भाग शाबूत. त्यानं मला समोर बसवून पानं उलटायला दिली. पण मोडी येत असेल तर उलटणार. प्रमाणित नकला काढून घेतल्या, खर्च शंभराच्या आत. मग मोडी वाचणारे गाठले, पुराभिलेख खात्याची परीक्षा दिलेले एक निवृत्त शिक्षक. पानाला पाचशे रुपये. यात घासाघीस करू नये असं माझं मत आहे, ती नजर कमवायला वर्षं जातात.

त्यांनी आधीच एक गोष्ट बजावली: कोतवाल बुकात बाळाचं नाव शोधू नका, नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, जन्मल्याची तारीख आणि खबर कोणी दिली एवढंच असतं. आणि बापाचं नावही घरात ऐकलेलं तसंच असेल असं नाही. आमच्यात शमुएलचा सामाजी व्हायचा, यहेझकेलचा हसाजी, बेन्यामिनचा बनाजी. तुमच्या पणजोबांचं इंग्रजी वळणाचं नाव घेऊन शोधाल तर अख्खं दप्तर पालथं घालून हात हलवत परत याल. दोन्ही रूपं लिहून न्या.

नोंद अशी होती: आमच्या गावी, पणजोबांच्या त्या ‘जी’वाल्या नावापुढे, जात इस्राएल, मुलगी, २२ जुलै १९३४, खबर देणारा चुलता. खबर दोन दिवसांनी दिलेली.

सर चष्मा पुसत होते. मी फोनवर हिब्रू कॅलेंडर उघडलं. इंग्रजी तारखेची हिब्रू तारीख करून देणारी संकेतस्थळं आहेत, फुकट आहेत. १९३४ ला आवची नवमी आली २१ जुलैला. शनिवार. शब्बाथला हा उपास करत नाहीत, तो रविवारी जातो. रविवार म्हणजे २२ जुलै. चुलीवर बिरडं. मी सरांना सांगायला लागले आणि सांगता येईना, घसा दाटला.

नंतर घरी बसून बाकीची सालंही ताडून बघितली, कारण काका विचारणार हे ठाऊक होतं. १९३६ ला नवमी मंगळवारी होती, म्हणजे कार्डावरचं साल बाद. १९३७ ला पुन्हा शनिवारी होती, पण मग शाळेच्या रजिस्टरशी मेळ बसत नाही. काकानं खरंच विचारलं. आणि मग म्हणाला, ‘बरं, लिहा चौतीस.’

सप्टेंबरमध्ये लग्नाची नोंद बघायला आजीच्या माहेरच्या बाजूच्या सिनेगॉगला गेले. कोकणातली बहुतेक सिनेगॉग आता कुलूपबंद असतात आणि किल्ली गावातल्या एखाद्या घरी असते. आधी फोन करून मुकादमांची, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांची, परवानगी घ्या, शनिवारी आणि सणांच्या दिवसांत जाऊ नका. तिथले शमाश, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणारे, पंच्याऐंशीच्या पुढचे, त्यांनी लाकडी पेटीतून लग्नांचं पुस्तक काढलं. १९५१ चं पान मराठीत होतं, स्वच्छ बाळबोध अक्षर. वराचा बाप, वधूचा बाप, साक्षीदार. बायकांची नावं नाहीत. वधूच्या आईचं नाव कुठेच नाही! मी पानाचा फोटो घेतला, पेटीत यथाशक्ती देणगी टाकली, आणि कबरस्तानात गेले. पणजोबांचा दगड मिळाला. पणजीच्या दगडाचा वरचा भाग तुटलेला, खाली नुसतं ‘यांची पत्नी’ आणि साल. गवतात फिरून दुसरा तुकडा शोधला, सापडला नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर बूट घालून जा आणि सोबत कोणीतरी न्या, साप असतात.

कोणीतरी सुचवलं की पणजोबा गेल्यावर वाडीवर वारस लागले असतील, तो फेरफार काढा. जमिनीच्या जुन्या फेरफारात वारसांची नावं असतात, विधवेचंही. विधानसभेची निवडणूक व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, नक्कल हाती पडली. त्यात पणजीचं नाव होतं, पण सासरचं, हाक मारायचं मराठी नाव, पुढे ‘बाई’. पप्पांना आठवत होतं तेच. प्रार्थनेत घ्यायचं हिब्रू नाव ते नव्हे, एवढं नक्की.

मग नोव्हेंबरमध्ये आत्यानं आजीचं कपाट आवरायला काढलं आणि मला एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ‘बाळा, हे बघ, आईचा घरखर्च वाटतो. ठेवू की टाकू?’

वही नव्हती ती. आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या, एका पानावर हिब्रू आणि समोर मराठी असलेल्या, मागची कोरी पानं होती. आजीच्या चौथी पास अक्षरात, वर ओळी मारून, एकाखाली एक नावं. प्रत्येक नावापुढे सण. ‘वडील, नव्याच्या सणाच्या आधी तीन रोज.’ ‘सासूबाई, दरफाळणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी.’ ‘मोठी जाऊ, होळीच्या सणाला, संध्याकाळी.’ नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, दरफाळणी म्हणजे योम किप्पूर, होळी म्हणजे पुरिम. गेलेल्यांसाठी म्हणायच्या हश्काबे या प्रार्थनेची ही तिची यादी होती. कोणत्या दिवशी कोणासाठी दिवा लावायचा याचा हिशेब. गिरणीतून थकून आली तरी हे तिनं पन्नास वर्षं चालवलं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण ज्यांच्यासमोर ते पुस्तक रोज उघडलं जात होतं त्यांना मराठी अक्षर लागत नव्हतं.

तिसरी ओळ: ‘आई’, पुढे पूर्ण हिब्रू नाव, तिच्या आईच्या नावासकट. म्हणजे माझ्या खापरपणजीपर्यंत आम्ही पोचलो. ते नाव दफनाच्या दिवशी तिघांनी सांगितलेल्या तीनही नावांपेक्षा वेगळं होतं.

यादीत खाली एक ओळ होती: ‘मुलगी, तीन रोजांची, खिरीचा सण.’ नाव नाही. पप्पांना एक भाऊ लहानपणी गेल्याचं माहीत होतं, तोही यादीत आहे. या बहिणीबद्दल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली, मग उठून गॅलरीत गेले. आता ठाण्यात त्या दिवशी तिच्यासाठीही दिवा लागतो.

म्हणून माझी कळकळीची सूचना: कचेरीत अर्ज द्याच, पण त्याआधी घरातल्या बाईची पोथी, प्रार्थनेचं पुस्तक, बायबल, जे असेल ते शेवटच्या पानापर्यंत उघडून बघा. आणि तिकडच्या नातलगांना सांगून ठेवा की मराठी अक्षर असलेला एकही कागद फोटो पाठवल्याशिवाय टाकायचा नाही.

डिसेंबरमध्ये मजकूर पक्का झाला. हिब्रूत नाव, आईचं नाव, जन्म १० आव ५६९४, मृत्यू २ पहिला अदार ५७८४. आत्याला ९ आव हवं होतं, आई बिरड्याच्या सणाची ना! पण त्या वर्षी उपास दशमीवर गेला होता, सूर्य मावळायच्या आत जन्म झाला होता, तेव्हा दहाच बरोबर. यावर दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाले. खाली एक ओळ मराठीत: ‘कुलाबा १९३४, दिमोना २०२४’.

दगड, कोरीव काम, बसवणं मिळून साधारण आठ हजार शेकेल. भावंडांनी तीन वाटे केले. मराठी ओळीचे वेगळे पैसे नाहीत, पण दगडवाल्याकडून जानेवारीत आलेल्या नमुन्यात ‘दिमोना’ची पहिली वेलांटी ‘द’च्या पुढे जाऊन ‘म’ला चिकटली होती, आणि १९३४ उलटीकडून लिहिलेलं. त्याच्या संगणकाला देवनागरीची सवयच नव्हती. अशा वेळी मजकूर टाइप करून पाठवू नका. इथल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून अक्षरांच्या नुसत्या रेघा करून घ्या, म्हणजे तिकडे ते चित्र म्हणूनच उघडतं. मला शंभर रुपयांत करून मिळालं. आणि कोरण्याआधी शेवटचा नमुना मराठी वाचता येणाऱ्या माणसानं तपासल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

वर्षाचा दिवस कधी धरायचा, हेही आधी नीट बघा. आम्ही ११ फेब्रुवारीच धरून चाललो होतो. ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या हज्जाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानं, थांबवलं. ५७८४ हे हिब्रू वर्ष तेरा महिन्यांचं होतं, आपल्याकडे अधिक महिना येतो तसे त्यात दोन अदार. आजी पहिल्या अदारात गेली. पुढच्या वर्षी अदार एकच, त्यामुळे २ अदार उजाडला २ मार्च २०२५ ला, रविवारी.

त्या दिवशी काका, आत्या, नातवंडं दिमोनाला कबरीपाशी, आम्ही ठाण्यात. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. दिमोनात ते हाकेसरशी जमतात. इथे ठाणं त्यातल्या त्यात बरं, भारतात आता आम्ही चारपाच हजारच उरलो आहोत आणि त्यातले बरेच ठाणे-मुंबईत. पण कामाचा दिवस नसूनही फोन करकरूनच दहा झाले. पप्पांनी हश्काबेत आजीचं नाव तिच्या आईच्या खऱ्या नावासकट घेतलं. तिकडे काका वाचत होता, मध्येच वाऱ्यानं आवाज जायचा.

मलिदा त्या दिवशी करायचा की नाही यावर घरात मतभेद होते. मोठ्या काकूंच्या मते तो नवसाचा, आनंदाचा, वर्षाच्या दुःखात नको. मग तो दोन आठवड्यांनी अलिबागजवळच्या खंडाळ्याला केला, जिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे असं आमची माणसं मानतात. पोहे भिजवून, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची, काजू-बदाम, वर खजूर आणि केळी, बाजूला सब्जाची डहाळी वासाला. पोहे जाड घ्या, ठाण्याहून नेईपर्यंत पातळ्यांचा लगदा होतो. बोटीनं जाणार असाल तर भाऊच्या धक्क्याहून मांडवा, रविवारचं तिकीट आधी काढलेलं बरं.

आता उरलं आहे ते यादीचं काम. आजीच्या पुस्तकातली सगळी नावं आणि सण मी मराठीत उतरवून, शेजारी हिब्रू उच्चार आणि पुढच्या दहा वर्षांच्या इंग्रजी तारखा घालून आत्याला पाठवल्या आहेत. तिनं ते फ्रिजवर लावलं आहे. आजीची २०२६ ची तारीख १९ फेब्रुवारी. त्यापुढच्या वर्षी पुन्हा दोन अदार आहेत, तेव्हा पहिलाच धरायचा: ९ फेब्रुवारी २०२७. दिवा आदल्या संध्याकाळी लावायचा.